घाटातल्या वळणावरची भिवराबाई

निम्मी हयात मी धारूरच्या घाटात एस.टी. चालवली. अंबाजोगाईहून निघायचं, धारूरला चहा घ्यायचा आन् घाट उतरून माजलगावाकडं जायचं. तोंडानं मी फटकळ हाय, घरचे बी तेच म्हणतात. पण भिवराबाईचं नाव निघालं की मी गुमान हात जोडतो.

तवा रस्ता लई अरुंद होता. सहकारी साखर कारखाने सुरू झाले की उसाच्या गाड्या घाट चढायच्या. गाडी दमली की कुणीतरी खाली उडी मारून चाकाखाली धोंडा लावायचं. दम खाऊन गाडी पुढं जायची, धोंडा तिथंच रस्त्यात. ही खोड आमच्याकडं सगळ्यांनाच. त्यात कुणाला काही वावगं वाटत न्हाई.

ते धोंडे भिवराबाई बाजूला करायची. घाटाच्या तोंडाशी तिचं घर. ऊस चालू असला की ती रोज वळणावर हजर. एखादा धोंडा हलला न्हाई तर काठीला लाल चिंधी बांधून गाड्या अडवायची. मला असा राग यायचा! "म्हातारे, घरात कुणी इचारत न्हाई का तुला?" मी खिडकीतून खेकसायचो. "इचारतेत की," म्हणून ती हसायची.

एका संध्याकाळी गाडीत माझी बायको वच्छला होती. अंबाजोगाईच्या दवाखान्यात बाळंत होऊन घरी निघालेली, मांडीवर आमची लेक. वळणाआधीच म्हातारी रस्त्याच्या मधोमध उभी. करकचून ब्रेक दाबला आन् तणतणत खाली उतरलो. वळणापलीकडं बघतो तर दोन धोंडे, आन् लगत दरी.  

"बघतोस काय, हात लाव," ती म्हणाली.

दोघांनी मिळून धोंडे कडेला ढकलले. मग मी इचारलं, "मावशे, कुणी नेमलंय का तुला? कावून करतीस हे?"

"बहात्तरच्या दुष्काळात हा रस्ता आमीच केला, बाबा. हितं खडी फोडली, हितंच बाभळीला झोळी बांधून लेकरं निजवली. ह्या कामावर माजी लेकरं जगली. आता हितं दुसऱ्याचं लेकरू कावून मरू द्यावं?"

मी वच्छलाला खाली बोलावलं आन् लेक म्हातारीच्या ओटीत दिली. लाज न्हाई वाटत सांगायला, मी तिथं रडलो.

त्या दिवसापासून वळणाआधी मी गाडी थांबवायचो. मी आन् आमचा कंडक्टर पंडित उतरून तिला हातभार लावायचो. गाडीतली माणसं कुरकुरायची. बाजार गाठायचाय, कोर्टात तारीख हाय, एक ना दोन. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

भिवराबाई ऐन उसाच्या दिवसांत गेली. दुसऱ्या दिवशी वळणाआधी मी गाडी उभी केली, पंडित आन् मी उतरलो. मोठा धोंडा होता, दोघांना हलंना. तेवढ्यात मागून पायांचा आवाज आला. सगळी गाडी खाली उतरली होती, आन् कोर्टाच्या तारखेवरून कुरकुरणारा माणूस धोतर खोचत पुढं येत होता.