नवरदेवाची हळद, सासऱ्याचे गुडघे

जावयाची उष्टी हळद स्वतःच्या गुडघ्यांना थापणारा सासरा निजामाच्या अख्ख्या मोगलाईत मी एकटाच असेन.

हसू नका! आधी माझे गुडघे घ्या आणि मग हसा. अंतरवाली सराटीच्या रानात जन्मभर ढेकळं तुडवून ते असे धरले होते, की बसलो तर उठवेना आणि उठलो तर बसवेना. त्यात आल्यागेल्याचे सल्ले! कुणी म्हणे एरंडाचं पान बांधा, कुणी म्हणे वाळूनं शेका. (सांगणारे सगळे उड्या मारत घरी जायचे, याचा मला जास्त संताप.) शेवटी अंबडच्या हकिमानं फर्मावलं, "पाटील, हल्दी खाव, हल्दी लगाव. बिलकुल आराम!" तेव्हापासून बायको रोज हळद कालवून वाटी माझ्या बाजेपाशी ठेवायची. थोडी पोटात, उरलेली गुडघ्यांना.

आणि आमच्या सरूच्या लग्नादिवशी नेमकी विसरली!

शहागडचं वऱ्हाड जानवशाला उतरलेलं. मी ओसरीवरून ओरडतोय, "अगं, माझी हळद!" तर माझी थोरली बहीण आक्का फणकारली, "आज हळद पोरीची हाय का तुझी? गप पड!"

वधुपित्याला गप पड! मी डोक्यावरून घोंगडी ओढली आणि भिंतीकडं तोंड करून पडलो. वाजंत्री वाजली, बायकांचा गलका आला, गेला. रुसलेला माणूस कधी वळून बघतो का? बऱ्याच वेळानं डोकं बाहेर काढलं, तर बाजेपाशी पितळी वाटी, काठोकाठ हळद! "आली एकदाची अक्कल," असं म्हणून मी एक गोळी तोंडात टाकली (तेलकट लागली, पण रागात चव कोण बघतो?) आणि बाकीची दोन्ही गुडघ्यांना चोपडली.

तेवढ्यात बायको धावत आली. "आवो, उष्टी हळद कुठंय? करवल्या हितंच ठेवून गेल्त्या."

आमच्याकडं हळद आधी नवरदेवाला लागते आणि त्यातली उरलेली, म्हणजे उष्टी, वाजतगाजत नवरीकडं येते. ती अंगाला लागल्याशिवाय नवरी मांडवात उभी राहत नाही. बायकोची नजर माझ्या गुडघ्यांवर गेली आणि ती मटकन खाली बसली.

"जावयाची हळद... गुडघ्याला लावली तुम्ही?"

"थोडी खाल्लीबी," मी खरं ते सांगितलं.

"खरडा!" आक्का गरजली. "जल्दी उलथणं आणा!"

मी पाय पसरून बसलो आणि सख्खी बहीण मला जळकी कढई घासावी तशी खरडू लागली. "हळू! हळद खरड, कातडं न्हवं!" मी ओरडलो. तेव्हा मुंडावळ्या बांधलेली सरू दारात आली. "आबा, माझं लगीन मोडंल ना हो!" तिचे डोळे भरलेले बघून मला माझाच राग आला. पण तो तिथं फार वेळ टिकला नाही, कारण पाठोपाठ विहीणबाई आल्या.

ही बाई विडा उशिरा मिळाला म्हणून भर पंगतीतून उठणारी! तिनं वाटी बघितली, उलथणं बघितलं, माझे पिवळे गुडघे बघितले. मग व्याह्याला, म्हणजे मला, विचारलं,

"इवाईबुवा, ह्यानं आराम पडतो का हो?"

म्हणजे माझ्याच दारात माझी थट्टा! माझं डोकंच फिरलं. "बिलकुल न्हाई!" म्हणून मी ताडकन उठलो आणि तिच्यासमोर उभा राहिलो.

सगळ्यांच्या नजरा माझ्या पायांवर. मग माझ्या लक्षात आलं, मी काठीशिवाय, भिंतीशिवाय, कुणाच्या हाताशिवाय उठलो होतो!

"आगं बया!" विहीणबाईंनी तिथंच बसकण मारली. "आमचेबी गुडघे लई दुखून राह्यले. आधी आम्हाला लावा, मंग नवरीला!"

सरू डोळे पुसता पुसता खुदकन हसली. बापाच्या गुडघ्यांवरून सासूच्या गुडघ्यांना लागून उरलेली हळद तिच्या गालाला लागली आणि लग्न वेळेवर पार पडलं.

हकिमाचं पंचक्रोशीत नाव झालं. बायकोनं मात्र खरं औषध बरोबर हेरलं होतं. आता माझे गुडघे धरले, की ती हळदीला हात लावत नाही. मुद्दाम अळणी वरण वाढते, आणि मी तरातरा चालत चुलीपर्यंत जातो भांडायला!