पाचवी खुर्ची

दर शनिवारी आयर्लंडमधल्या नास गावाहून डब्लिनला जाणाऱ्या बसमध्ये एक आजोबा माझ्या शेजारी बसत. ओबोची, म्हणजे त्यांच्या सनईसारख्या वाद्याची, पत्ती भिजावी म्हणून ओठांत धरलेली असे. त्यामुळे बोलावं लागत नसे, आणि मला तेच बरं वाटे.

एकदा त्यांनी पत्ती काढून सांगितलं, की त्यांचा पाच वादकांचा गट गेल्या शतकातली एक स्वीडिश रचना बसवत होता, पण हॉर्न हे पितळी वाद्य वाजवणारी मुलगी ऑस्ट्रेलियाला गेली.

“मग आता?”

“ग्रँड चाललंय. तिची खुर्ची मांडतो. तिचा एकटीचा भाग आला की मात्रा मोजत गप्प बसतो.”

“दुसरं कुणी नाही मिळत?”

“मिळेल. पण ती परत आल्यावर बसेल कुठे?”

माझी हार्मोनियम शेजारच्या मुलीला देऊ का, असं आईने पुण्याहून विचारलं होतं. मी ‘दे’ म्हटलं होतं.

बसमधूनच आईला मेसेज केला, “पेटी घरीच राहू दे गं.”