रूपराव मिस्त्रीचा खांदा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा असतो, त्यामुळे त्याआधी सिंदी रेल्वे या गावात लाकडी बैलांचा दवाखाना भरतो. डॉक्टर एकच, रूपराव मिस्त्री. कोणाचं चाक निखळलेलं, कोणाचं शिंग मोडलेलं. मिस्त्री भिंतीला पाठ टेकून बसतो आणि जोडून देतो. पाठ भिंतीलाच, कारण मागून कोणी आलेलं त्याला पन्नाशी उलटली तरी खपत नाही. पोरांनी त्याला मामा म्हणायचं. 'काका' ऐकलं की त्याचा डावा खांदा आपोआप कानाकडे चढतो.

बाप लवकर गेला आणि सुतारकी काकानं शिकवली. शिकवणीचं साधन सागवानाची पट्टी. रेघ वाकडी गेली तर पट्टी, सरळ गेली तर वेळ लागला म्हणून पट्टी. शेजारी ऐकत आणि आपापल्या दाराची कडी नीट लावून घेत. 'काका पोराले घडवून राह्यला,' म्हणत. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळताना पाहून लहानग्या रूपरावाला वाटे, आपण बैल असतो तर बरं होतं. एक दिवस तरी हमखास सुटी. पुढे लग्न झालं, मुलगी झाली. तिला त्यानं बरेच दिवस उचलूनच घेतलं नाही. बायकोला, नलूला, वाटलं, मुलगी झाली म्हणून नाराज आहे. तो आपल्याच हातांना घाबरत होता.

गेल्या पोळ्याला समोरच्या धनंजयची अंकिता आली. बैलाचा पाय मोडलेला.

"मामा, बाबा पोळ्यातून घरी यायच्या आधी होईन का?"

"काऊन व, घाई काय एवढी?"

तिनं बैल पुढे धरला. रूपरावानं बैल घ्यायला हात पुढे केला, तर तिचा खांदा कानाकडे चढला. हा खांदा मिस्त्रीच्या ओळखीचा होता. समोरच्या घरातले आवाजही ओळखीचे होते. वर्षभर ते ऐकून त्यानंही गल्लीच्या रिवाजाप्रमाणे कडी लावून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या सुरू झाल्या. झडती म्हणजे पोळ्यात ललकारायचं यमक. त्यात कोणालाही सुनावता येतं. ऐकणाऱ्यानं रागवायचं नसतं, 'हर बोला' म्हणायचं असतं. आमदारापासून लाईनमनपर्यंत सगळ्यांची सोय लावून झाली, तेव्हा जन्मात कधी झडती न म्हटलेला रूपराव उठला.

"परवा बैलाच्या खांद्याले तूप चोळलं भारी,
पोराच्या खांद्यावर मात्र पट्टी फुटली सारी!
बैलाले एक दिवस सुटी, पोर कवा सुटन?
मारणारा विसरून जाते, खांदा कसा विसरन?"

हशा पिकला नाही.

"हे पट्टी माह्या खांद्यावरची हाय," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाचं नाव नाई घेत. पण आता आवाज आला त मी दार उघडीन. तुमीबी उघडजा."

अंगणवाडीच्या शोभाबाईंनी खणखणीत 'हर बोला' म्हटलं, आणि गर्दीला तोंड उघडावंच लागलं. धनंजयनंही उघडलं, आवाज तेवढा निघाला नाही.

संध्याकाळी तो मिस्त्रीच्या दुकानात आला.

"मिस्त्री, मले सुनावलं ना?"

"मी मलेच सुनावलं. तू मधात आला."

धनंजय भांडायच्या तयारीनं आला होता, तो फळीवर बसला. भुशात बोट फिरवत म्हणाला, "माह्या बापाचा पट्टा होता. माहा हात कवा उठते, मलेच समजत नाई."

"समजलं की इकडं येजो. रंधा हाय, लाकूड हाय. अन् आवाज आला त मी शोभाबाईले घेऊन येईन. लेकरांच्या हेल्पलाईनले फोनबी करीन. सांगून ठेवतो."

धनंजय येऊ लागला. दिवाळीपर्यंत त्यानं फळ्या अशा तासल्या की दरवाजाच्या लायकीचं लाकूड पाटाच्याही लायकीचं राहिलं नाही. मिस्त्रीनं तक्रार केली नाही. मधे एकदा आवाज आलाच. रूपराव खरंच गेला, शोभाबाईही गेल्या, आणि गल्लीतल्या आणखी काही कड्या निघाल्या. त्यानंतर आवाज आला नाही.

परवा दुकानाच्या पायरीवर अंकिताच्या हातून बापाच्या चहाचा कप पडला.

"बाबा, फुटला!" ती तिथूनच ओरडली. खांदा जागच्या जागी.

"पायाले लागन, सरक व माय," धनंजय रंधा न थांबवता म्हणाला.

खांदा चढला होता तो मिस्त्रीचा. त्यानं तो हातानं खाली बसवला आणि झाडू घेऊन उठला.