आकृती क्रमांक एक

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, मुलीला सांगितलं नाही, मामांना तर नाहीच — आणि मामांना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा हल्ली दुपारी जरा डोळा लागला की मला हात दिसतात, म्हणून असेल. नुसते हात — माणूस नाही, चेहरा नाही. काळ्या पाण्यावर पसरलेले, पांढरे, अगदी स्वस्थ. ते मला घाबरवत नाहीत. नुसते असतात, आणि मी जागी झाले की नसतात.

मंगळवार पेठेत मामांचा फोटो स्टुडिओ होता. सत्तर सालाच्या थोडं अलीकडची ही गोष्ट. मी मॅट्रिक झाले होते, लग्नाचं जमत नव्हतं, आणि घरात बसून करायचं काय म्हणून मामांकडे रिटचिंगला बसायचे. तेव्हा आमच्याकडे फोटो काचेवर निघायचा. त्या काचेत सगळं उलटं — केस पांढरे, दात काळे, पांढऱ्या साडीतली बाई काळ्या साडीत. खिडकीशी माझं उतरतं मेज होतं. त्यात दुधी काच, खाली आरसा, आणि आरशातला उजेड काचेतून वर माझ्या तोंडावर यायचा. सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं मी देवीचे व्रण भरायचे, डोळ्यांखालचा काळेपणा भरायचे. दंड जाड असला तर पात्याच्या टोकानं कडा हलकेच खरवडायचे; तेवढा भाग फोटोत मागच्या काळ्या पडद्यात विरून जायचा आणि बाई नाजूक व्हायची. पेठेतल्या निम्म्या पोरी कुमुदच्या पेन्सिलीनं खपल्या, असं मामा आल्यागेल्याला सांगायचे. कुमुद मात्र तिथेच, मेजाशी.

त्या कामाची एक गुंगी असते. हात चालत राहतो आणि आपण कुठेतरी तरंगत असतो. कधीकधी अख्खी दुपार जायची आणि मी कोणाला गोरं केलं, कोणाला बारीक केलं, हे मला सांगता आलं नसतं. ही सबब नव्हे. असं होतं, एवढंच सांगते.

डॉक्टरांचा दवाखाना आमच्या मागच्या गल्लीत होता. चाळिशी ओलांडलेला, सडसडीत माणूस; सर्दीतापाचे रोगी भरपूर, पण त्यांचा जीव अडकला होता सांध्यांच्या दुखण्यात. आमवाताचा रोगी आला की त्याची बोटं आपल्या हातात घेऊन ते डोळे मिटायचे आणि एकेक सांधा चाचपायचे. सूज डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळते, म्हणायचे. त्यांनी सुताराकडून एक सागवानी फळी करून घेतली होती — तळहाताच्या आकाराची, बोटांना खाचा, आतून फ्लॅनेल. गोळ्या चालू ठेवायच्या आणि रोज झोपताना हात त्या फळीवर बांधायचा. सुजलेल्या सांध्याला पुरता विसावा दिला तर तो वाकडा होत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि हे नीट लिहून, फोटोंसकट, विलायतेतल्या एका मासिकाला पाठवायचं, हा त्यांचा ध्यास.

त्यासाठी आक्काताई आमच्याकडे आल्या. राधानगरीकडच्या, भाताची शेती आणि चार म्हशी असलेल्या घरातल्या. पस्तिशीच्या असतील. त्यांचे हात — कसं सांगू? बोटांची मधली पेरं फुगलेली, मनगटं भरलेली, बोटं एका अंगाला कलायला लागलेली. म्हशीचं दूध काढणं सुटलं होतं. सासू बोलत होती. मामांनी काळं कापड अंथरलं, त्यावर ते हात ठेवायला सांगितले आणि फोटो घेतला. डॉक्टर शेजारी उभे होते. ते मामांना दोनदा म्हणाले, या काचेवर काहीही करायचं नाही, धुळीचा ठिपका असला तरी राहू द्या. क्ष-किरणाच्या फोटोत हाडं दिसतात, सूज दिसत नाही. म्हणून त्यांची सगळी भिस्त आमच्या फोटोवर होती.

निघताना आक्काताईंनी हात पदराखाली घेतले आणि माझ्या मेजाशी थांबल्या. हळूच म्हणाल्या, "लई वंगाळ दिसत्यात. सायबाच्या मुलखात जानार म्हनं ह्यो फोटू. जरा बरं दिसंल असं करा की, बाई."

मी हसले. आणि पुन्हा पेन्सिलीला टोक काढायला लागले.

तीन-चार दिवसांनी ती काच माझ्या मेजावर आली, इतर काचांच्या चळतीत. मामांनी तिला चिठ्ठी लावली होती — 'हात लावू नये'. चिठ्ठी गळून पडली होती, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आले. गळून पडली नव्हती. मी ती वाचली, काढली, पेन्सिलीच्या डबीखाली ठेवली. का? दया आली म्हणून? आली होती. पण खरं सांगायचं तर दयेहून मोठं काहीतरी होतं. मला ते जमेल का, हे बघायचं होतं. लग्नाच्या पोरींचे तोंडावळे रोजचे झाले होते. असं अवघड काम कधी हाती आलं नव्हतं. उलट्या उजेडात ते काळे हात तरंगत होते. मी पेरांच्या सावल्या भरल्या, मनगटाच्या कडा खरवडल्या, कललेलं बोट केसभर सरळ केलं. फार केलं नाही — तेच तर माझं कसब. किती वेळ गेला कोण जाणे. वर पाहिलं तेव्हा समोरच्या भिंतीवरचं ऊन सरकून गेलं होतं आणि काचेत एका चांगल्या, कष्टाळू बाईचे हात होते. मला आनंद झाला होता. तोही सांगायलाच हवा.

मग ती काच पेटीत गेली आणि मी विसरले. खरोखर विसरले.

दहा महिन्यांनी आक्काताई पुन्हा आल्या. सूज उतरली होती. म्हशी पिळायला लागले, म्हणाल्या, आणि सासूही निवली. मामांनी दुसरा फोटो घेतला. डॉक्टरांचा लेख तोवर टंकलेखनाला गेला होता — दोन ओळींत जागा सोडून, कार्बन लावून तीन प्रती. ते रोज संध्याकाळी आमच्या बाकावर बसून एखादं वाक्य खोडायचे, पुन्हा तेच लिहायचे, आणि इंग्रजी मला ओ की ठो कळत नसताना मला वाचून दाखवायचे. ऐकायला बरं वाटायचं. फोटो तीन-तीन, चकचकीत कागदावर हवेत, असा मासिकाचा नियम होता. ते मीच छापले. पहिला फोटो रसायनात हळूहळू उमटायला लागला तेव्हा मला आठवलं, आपण काय केलं आहे ते.

तेव्हाच सांगता आलं असतं, नाही का? लेख अजून टपालात पडला नव्हता. मी मान खाली घालून फोटो सुकवले. मामांची जवळची नजर गेलेली, त्यांना काही कळलं नाही. डॉक्टरांनी फोटो हातात घेतला, कपाळाला आठी घातली आणि म्हणाले, "जरा सपाट आला आहे. उजेड समोरून पडला असेल." मी मान डोलावली. फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीनं मीच लिहिलं — आकृती क्रमांक एक, उपचारापूर्वी. आकृती क्रमांक दोन, उपचारानंतर. वरची बाजू कळावी म्हणून बाण काढला. पुठ्ठ्यांमध्ये घालून पाकीट रजिस्टर झालं. मामांनी सगळ्यांना पेढे दिले. मी दोन खाल्ले.

उत्तर यायला कित्येक महिने लागले. डॉक्टर ते घेऊन दुपारच्या वेळी आले. संपादकांनी फार सभ्यपणे लिहिलं होतं, म्हणाले. पहिल्या आकृतीतले सांधे जवळजवळ निरोगी दिसतात. दोन्ही आकृत्यांत फरक आढळत नाही. लेखकानं रोगाच्या निदानाचा पुन्हा विचार करावा. डॉक्टरांनी पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "कुमुद, त्या काचेवर काही काम केलं होतंस का?"

माझ्या तोंडून नाही इतक्या सहज गेलं की मलाच ते खरं वाटलं.

ते म्हणाले, बरं, उद्या काच काढून ठेव, उजेडाला धरून बघतो. काच उजेडाला धरली की खरवडलेलं लगेच दिसतं. आमच्याकडे जुन्या काचा धुवायची रीत होती. फोटो ज्यात उमटतो तो मसाल्याचा थर काढून टाकला की ती काच फोटोच्या चौकटीला कामाला यायची. मामा जेवायला घरी गेले, तेव्हा मी ऊन पाणी केलं, त्यात सोडा टाकला आणि ती काच ठेवली. थर लगेच सुटत नाही. आधी कडेनं सुरकुततो. मग एक पातळ साय पाण्यात अलगद वर येते — आणि त्या सायीवर आक्काताईंचे हात होते, पाण्याबरोबर हलत, लांबत, जवळ येत. मी पाहत उभी राहिले. काय सुंदर दिसत होतं ते! मग मी पाणी मोरीत ओतलं.

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं की ती काच जुन्या काचांबरोबर चुकून धुतली गेली. मामा माझ्यावर ओरडले. डॉक्टरांनीच त्यांना थांबवलं. काच नसली तरी फोटो आहे, म्हणाले, आणि फोटोला काय पडलं आहे खोटं सांगायला? चूक माझ्या बोटांची असेल. आपल्याला जे बघायचं असतं तेच आपण चाचपतो. त्यांनी हे काही रडून-भेकून सांगितलं नाही. एखादा हिशेब चुकला असावा तसं सांगितलं. लेख त्यांनी मागे घेतला. पुढे कधी लिहिला नाही. रोगी तपासताना डोळे मिटायचे, तेही सोडलं — हे मला त्यांच्या कंपाउंडरानं सहज बोलता बोलता सांगितलं.

इथवरच असतं तर कदाचित मी तुम्हाला सांगितलंही नसतं.

वर्षभरानं आक्काताई स्टुडिओत आल्या. बरोबर त्यांची धाकटी बहीण होती, बावीस-तेविसाची, हात पदरात. मामा बाहेर कुठे लग्नाचे फोटो काढायला गेले होते, मी एकटीच. आक्काताई म्हणाल्या, हिलाही तेच झालंय, पण डॉक्टर फळी द्यायला तयार नाहीत. फळीनं गुण येतो असं आता मला सांगवत नाही, म्हणतात. विनाकारण हात बांधून आखडला तर? नुसत्या गोळ्या दिल्या. "म्या म्हटलं, माझा हात हिच्यापेक्षा वंगाळ हुता. तर म्हनत्यात, आक्का, फोटूत तसं न्हाय. बाई, तुमीच दावा बघू मला त्यो फोटू."

एक जादा प्रत माझ्याकडे होती. नाही म्हणता आलं असतं, पण मी ती काढून दिली. का दिली, मला माहीत नाही. कुणीतरी ओळखावं असं वाटलं होतं का?

त्यांनी फोटो उजेडाला धरला. बराच वेळ पाहिला. मग शांतपणे म्हणाल्या, "ह्यो माझा हात न्हवं."

जगात ही गोष्ट कळलेलं दुसरं माणूस माझ्यासमोर उभं होतं, आणि ते बरोबर बोलत होतं. मी म्हटलं, "तुमचाच हाय की, आक्काताई." आणि बोट ठेवून फोटोतल्या मनगटावरचं गोंदण दाखवलं — तीन ठिपके आणि एक रेघ. त्याला मी कधीच पेन्सिल लावली नव्हती. आक्काताईंनी आपलं मनगट फोटोशेजारी धरलं. तीन ठिपके, एक रेघ. त्यांनी पुन्हा पाहिलं, अजून एकदा पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ठामपणा माझ्या डोळ्यांदेखत उतरला.

"मग आसंल बाई," त्या म्हणाल्या. "फोटूत हाय म्हंजे आसंल. मलाच उगा लई वाटलं आसंल."

धाकटीनं फोटो बघायला मागितला. तिला तो चिमटीत धरता येईना. तिनं तो दोन्ही तळव्यांमध्ये धरला, वाकून पाहिला आणि म्हणाली, "चांगला हाय की गं आक्का तुझा हात."

मी तिच्या तळव्यांमधून फोटो काढून घेतला आणि पाकिटात ठेवला. त्यांना राधानगरीची गाडी गाठायची होती, त्या गेल्या. त्या पोरीचं नाव मी विचारलं नाही.