येळवसेचा प्रमुख पाहुणा

नांदेडला उतरलो तेव्हा हातात माझ्या कादंबरीच्या प्रतींचा गठ्ठा होता आणि डोक्यात भाषण. कादंबरी भूकंपानं मोडलेल्या गावाची; तिच्यात अपराधीपणा, आपलेपणा, भरत आलेल्या जखमा, सगळं होतं. पुण्यातल्या चर्चासत्रात श्रोत्यांपेक्षा वक्ते जास्त होते. आता मात्र लातूरकडच्या भूकंपग्रस्तांनीच प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलेलं, त्यामुळे मान ताठ होती.

लातूरची एसटी रिकामी. "आज येळवस. सगळे रानात," कंडक्टर म्हणाला. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी इकडची गावं कुलूप लावून शेतात जेवायला जातात. लातुरात चहासुद्धा मिळेना. नेमका हाच दिवस संयोजकांनी माझ्या व्याख्यानाला निवडला होता! मी चांगलाच भडकलो.

संयोजक शिवाप्पा किराणा दुकानदार. मोटारसायकल घेऊन स्टँडवर हजर होते.

"सभागृह कुठंय?"

"आधी रानात जाऊ सर."

एका बांधावर त्यांनी गाडी थांबवली. समोर तुरीचं शेत, मधे कडब्याची खोप.

"थोरल्या भावाचं, अण्णाचं रान हाय. भूकंपानंतर गाव नव्या जागी हललं, तवा सोडतीत कोपऱ्यावरचा प्लॉट अण्णाला सुटला होता. म्या वशिल्यानं माझ्या नावावर करून घेतला. तवापासून हितं पाय ठेवला न्हाई. आता अण्णा लई थकलाय सर. आज रानात आलेल्या पाहुण्याला कुणी माघारी धाडत न्हाई. तुमी फुडं व्हा."

प्रमुख पाहुण्याचं काम मला तेव्हा कळलं. गठ्ठा काखेत मारून पुढं झालो.

"या पाहुणं, बसा," अण्णा म्हणाले. वहिनींनी भज्जी (तुरीचे दाणे नि पालेभाज्या घालून केलेली) आणि बाजरीचे वाफवलेले उंडे वाढले. शिवाप्पा बांधावरच तुरीचा पाला चुरगळत उभे.

"हे आमचे संयोजक..." मी सुरुवात केली.

"वळखतो त्याला."

अण्णांनी मडक्यातली आंबील (ज्वारीच्या पिठाची, ताकातली) तांब्यात ओतली आणि बांधाकडं न बघताच ओरडले, "उन्हात कशाला हुबा हायस? तुला काय येगळं आवतन लागतंय?"

शिवाप्पा आले. तांब्या घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"अण्णा, त्यो प्लॉट..."

"आधी जेव."

मला फार बरं वाटलं. व्याख्यानाचा विषय कुणी काढला नाही, मीही नाही.

संध्याकाळी स्टँडवर राहवेना म्हणून विचारलं, "कादंबरी कशी वाटली?"

"वाचली न्हाई अजून," शिवाप्पा म्हणाले आणि भज्जीचा डबा हातात दिला. "पुढल्या येळवसला या सर. पुस्तकं नका आणू, घरच्यास्नी आणा."

नांदेडच्या एसटीत गठ्ठा सीटखाली सरकवला आणि डबा मांडीवर घेतला.