जनरलचा खेळ

ओक्सिमने भाताचा वाडगा असा काही आपटला की चार शितं नवऱ्याच्या मांडीवर उडाली. तरी पांगिल ढिम्म.

“नका येऊ! बसा दुकानात पंक्चरं काढत. बेसबॉलचा विटाळ होतो ना तुम्हाला?”

“जनरलचा खेळ आहे तो,” पांगिल म्हणाला. “आधी पोरं मारली, मग हातात खुळखुळा दिला. तू वाजव.”

या विषयावर त्याचं बोलणं एवढंच. गेली कितीतरी वर्षं हेच वाक्य, त्यात कानामात्रेचा फरक नाही. ऐकून ऐकून ओक्सिमचं डोकं उठलं होतं.

दक्षिण कोरियातल्या त्यांच्या ग्वांगजू गावात १९८०च्या मे महिन्यात, सत्ता बळकावलेल्या जनरलच्या लष्कराने लोकांवर गोळ्या झाडल्या, त्यात पांगिलचा धाकटा भाऊ योंगताक गेला. दोघं भाऊ सायकल दुरुस्तीच्या दुकानात एकत्र काम करायचे. जखमींना रक्त हवंय असं ऐकून पोरगं इस्पितळाकडे निघालं, आणि घरी आलं ते हातगाडीवरून. सरकारने त्याला दंगलखोर ठरवलं. पुढे दोन वर्षांत त्याच जनरलने देशाला बेसबॉलचे संघ दिले, आणि लोक वेडे झाले. ओक्सिमसुद्धा झाली. सूतगिरणीतली पाळी संपली की गिरणीतल्या बायकांबरोबर ती तडक मैदान गाठायची, घसा बसेपर्यंत ओरडायची आणि घरी येऊन गाढ झोपायची.

पांगिल झोपायचा नाही. करकरा दात खायचा. दर वर्षी मे उजाडला की साध्या कपड्यातला एक पोलीस येऊन दुकानातल्या स्टुलावर ठाण मांडायचा आणि गोड आवाजात विचारायचा, “काय पांगिल, सगळं ठीक ना?” त्यामुळे घरात योंगताकचं नावही कुणी काढत नसे. त्याचं श्राद्ध खिडक्या लावून, कुजबुजत. दीर ‘वहिनी, वहिनी’ करत हिच्या बरणीतला खारवलेला मुळा पळवायचा, पण त्याची साधी आठवण काढायची चोरी. हा माणूस एक दिवस आतल्या आत गुदमरून मरणार, ही धास्ती ओक्सिमला खात होती. आणि तिला धास्ती वाटली की राग यायचा. राग यायचा म्हणजे केवढा!

“एक सांगा मला,” जेवून तो दुकानात कामाला लागला तशी ती दारात अडून म्हणाली. “मे महिन्यातल्या त्या तारखेला आपल्या गावात कधी सामना झालेला पाहिलाय? आपल्याच संघाला परगावी धाडतात. का हो? खुळखुळाच आहे ना? मग एवढं घाबरायला काय झालं त्यांना?”

पांगिलच्या हातातला पाना थांबला.

“आपण इतकी माणसं एका जागी जमलो की त्यांची पाचावर धारण बसते. आणि तुम्ही इथे पंपाने हवा भरताय! शरम वाटू द्या थोडी!”

पाना खाली ठेवून त्याने हात पुसले. चप्पल घालताना म्हणाला, “एकदाच. पुन्हा डोकं खायचं नाही.”

मैदानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. शेजारी एक टोपीवाला गवंडी चहाच्या किटलीतून दारू पीत बसला होता. त्याने पांगिलपुढे वाळवलेला माकूळ मासा केला. पांगिलने मान फिरवली.

“आपला गडी पळाला की ओरडायचं,” ओक्सिम म्हणाली.

“का?”

“का म्हणजे? तोंड दिलंय म्हणून!”

सामना निम्मा झाला तरी हा बाबा मांडीवर हात ठेवून, मयताला आल्यासारखा बसलेला. ओक्सिमला वाटलं, द्यावी एक ठेवून. तेवढ्यात दोन ओळी खाली बसलेल्या माणसाने मागे वळून हात केला. तोच, स्टुलावरचा पोलीस! तोंडात माकूळ, चेहऱ्यावर हसू.

“अरे वा, पांगिल! आलात का तुम्हीसुद्धा? छान, छान! मनाला विरंगुळा हवाच. जुनं उगाळून काय मिळतं?”

ओक्सिमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्या, तुझ्या घशात तो माकूळ अडकू दे! पण तिने काही बोलायच्या आत पांगिल उठून उभा राहिला होता. समोर पंचाने आपला गडी बाद दिला, सगळ्या रांगांमधून शिव्यांचा भडिमार सुरू झाला, आणि त्या गदारोळात पांगिल छाती फुटेल असा ओरडला, “योंगताक!”

पोलिसाचं चघळणं थांबलं.

“योंगताक! अरे योंगताक!”

गवंड्याने ओक्सिमला कोपराने ढोसलं. “कोण हो हा? नवा फटकेबाज का?”

मैदानात बदली खेळाडू उतरवायचा असेल तर लोक त्याच्या नावाने कल्ला करतात. गवंड्याला वाटलं, हा त्यातलाच प्रकार. ओक्सिमने पोलिसाच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “हो! आपल्याच गावचा. उतरवतच नाहीत त्याला!”

“उतरवत नाहीत? त्यांच्या बापाचं मैदान आहे काय!” गवंडी बाकावर चढला. “योंगताकला उतरवा! योंगताकला उतरवा!”

मागच्या रांगेने उचललं. मग गिरणीच्या बायकांनी. हा योंगताक कोण, हे एकालाही ठाऊक नव्हतं, पण गावच्या पोरावर अन्याय होतोय एवढं त्यांना पुरलं. बघता बघता आख्खी बाजू पाय आपटून नाव घेऊ लागली. पोलीस उभा राहिला, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. धरणार कुणाकुणाला? पांगिलच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तो थांबत नव्हता. ओक्सिमही ओरडत होती, नवऱ्याच्या दंडात नखं रुतवून.

गवंडी दम खायला खाली वाकला. “च्यायला, इतकं बोंबलतोय आपण! का उतरवत नाहीत हो त्याला?”

“मारलं त्याला,” ओक्सिम म्हणाली. “मे महिन्यात.”

गवंड्याने तिच्याकडे पाहिलं, मग पांगिलकडे, मग दोघांची नजर खिळली होती त्या खालच्या माणसाकडे. किटली खाली ठेवली. डोक्यावरची टोपी काढली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि पोलिसाकडे तोंड करून ओरडला, “योंगताकला उतरवा!”