पाइपचा गॅस आणि वन्संचं बिरडं

मी नियमाने वागणारी बाई आहे, आणि केवळ त्याच कारणामुळे ऐन केळवणाच्या दिवशी आमच्या घरात चहासुद्धा होऊ शकला नाही.

ईशान आणि रेवा, तुम्ही दोघं तिकडे बटण दाबलं की शेगडी पेटते अशा देशात राहता, म्हणून तुम्हाला हे जरा सविस्तर सांगते. दादरच्या आपल्या बिल्डिंगमध्ये यंदा पाइपचा गॅस आला. सिलिंडरपेक्षा स्वस्त, शिवाय नंबर लावायला नको, वाट बघायला नको, आणि आंघोळीला बसल्यावर सिलिंडरवाल्याची बेल नको. तुमच्या आजोबांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला आणि जाहीर केलं, “सुलभा, वर्षभरात एवढे पैसे वाचतील की आपण महाबळेश्वरला जाऊ!” (आजोबांच्या प्रत्येक हिशेबाचं उत्तर महाबळेश्वर येतं. अजून गेलेलो नाही.)

पाइपचा गॅस घेतला की जुने सिलिंडर परत करायचे, असा नियम. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी उभं राहून त्यावर भाषणच केलं. “एका घरात दोन-दोन कनेक्शनं ठेवणं हा शुद्ध अप्पलपोटेपणा आहे! सुशिक्षित माणसांना हे शोभत नाही!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या शीला कामतने तर सगळ्यांत जोरात.

शुक्रवारी गॅस सोडणार असं कळल्यावर मी गुरुवारी सकाळीच दोन्ही सिलिंडर, रेग्युलेटर आणि पुस्तक एजन्सीला देऊन आले. काउंटरवरचा माणूस माझ्याकडे बघतच राहिला.

“आजी, एक तरी ठेवा. सगळे ठेवतात.”

“सगळे चुकतात म्हणून मीही चुकू?”

त्याने निमूटपणे पावती फाडली.

आता रविवारचं सांगते. रविवारी मुग्धाचं केळवण होतं. मुग्धा म्हणजे आजोबांच्या थोरल्या बहिणीची, तुमच्या विमलआत्याआजीची नात. लग्न झालं की पोरगी नवऱ्याबरोबर कॅनडाला जाणार. तिला मी विचारलं होतं, “काय करू गं तुझ्यासाठी?” तर म्हणाली, “मामीआजी, बाकी काही नको. वालाचं बिरडं हवं. तिकडे कोण सोलत बसणार?” एवढ्या मायेने मागितलं, की मी ठरवलं, बिरडं होणार म्हणजे होणार. वाल भिजत घातले, फडक्यात बांधून मोड आणले, आणि शुक्रवारी सकाळी आजोबांना समोर बसवून एकेक वाल सोलला. सोललेले मोडाचे वाल फार दिवस थांबत नाहीत, हे लक्षात ठेवा.

वन्संनी (म्हणजे विमलआत्याआजींनी) फोनवर बजावलं होतं, “सुलभा, केळवण होईपर्यंत घरात काही बदलू नकोस हो.”

मी म्हटलं, “वन्सं, तुमचं वय झालं. आता सगळं पद्धतशीर असतं.” (वन्सं माझ्याहून दोनच वर्षांनी मोठ्या आहेत.)

शुक्रवारी दुपारी गॅसवाले आले. पद्धतशीर आले, अगदी बूट बाहेर काढून. आपल्या शेगडीचे जुने जेट, म्हणजे गॅस जिथून सुटतो त्या बारीक तोट्या, काढून त्यांनी पाइपच्या गॅसचे नवे, मोठ्या भोकाचे बसवले. मग खाली जाऊन लाइन तपासली आणि वर येऊन म्हणाले, “मॅडम, तळमजल्यावर जॉइंट गळतोय. आज गॅस सोडता येणार नाही. सोमवारी बघू.”

“सोमवारी? अहो, रविवारी माझ्याकडे केळवण आहे!”

“मग दोन दिवस सिलिंडर वापरा ना.”

आजोबा माझ्याकडे बघायला लागले. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

“हॉटेलातून मागवू,” आजोबा म्हणाले.

“बिरडं मिळतं हॉटेलात?”

“मग विमलताईला खरं सांगून टाकू.”

“त्यापेक्षा मी वाल कच्चे खाईन!”

शनिवारी सकाळी मी मान खाली घालून तिसऱ्या मजल्यावर गेले. शीला म्हणजे खरं तर तुमच्या आईच्या वयाची, पण सगळ्या बिल्डिंगची ताई. मी चाचरत विचारलं, “शीला, चुकून, म्हणजे अगदी चुकूनच, तुझ्याकडे एखादा सिलिंडर राहिलाय का गं?”

“काकू, आत या. दार लावा आधी!”

तिने जेवणाच्या टेबलावरचा, जमिनीपर्यंत लोंबणारा लेसचा टेबलक्लॉथ उचलला. खाली दोन सिलिंडर होते, लाल आणि टवटवीत. एकाच्या डोक्यावर कुंडीसुद्धा होती.

“तुमच्या भाषणानंतरच टेबलक्लॉथ आणला,” ती म्हणाली. “समोरच्यांनी बाथरूममध्ये ठेवलाय, त्याला उशीचा अभ्रा घातलाय. वरच्यांचा देवघराखाली आहे. एक न्या तुम्ही. मी कोणाला सांगणार नाही.”

म्हणजे अख्ख्या बिल्डिंगमध्ये नियमाने वागलेली मी एकटी!

आजोबांनी सिलिंडर चादरीत गुंडाळला आणि लिफ्टमध्ये ठेवून चौथ्या मजल्यावर आमच्याकडे आणला. दारात समोरचे गृहस्थ भेटले.

“काय कर्णिक, पाहुणे का?”

“हो. जरा अंगाने भरलेले आहेत,” आजोबा म्हणाले आणि आत सटकले.

शीलाचाच रेग्युलेटर, शीलाचीच नळी. सगळं जोडलं. मी काडी ओढली. आणि मुलांनो, जे काही झालं त्याला ज्योत म्हणता येणार नाही. तो दिवाळीतला भुईनळा होता! पिवळाधमक भडका वर उसळला, पातेल्याचं बूड क्षणात काळं झालं आणि काजळीचा एक डाग थेट छतावर जाऊन बसला. (अजून आहे. पुढच्या वेळी याल तेव्हा दाखवीन.)

“जेट!” आजोबा ओरडले. “जेट पाइपच्या गॅसचे आहेत! बंद कर, बंद कर!”

“मग जुने जेट कुठायत?”

“गॅसवाले घेऊन गेले. पद्धतशीर.”

सिलिंडर पुन्हा चादर पांघरून खाली गेला. “काकू, मग माझ्याकडेच करा ना स्वयंपाक,” शीला म्हणाली. पण माझा अभिमान आडवा आला. केळवण माझं, चूल माझी नको का? शेवटी विजेवर सगळं करायचं ठरलं. तुमच्या बाबाने पाठवलेली इंडक्शनची शेगडी होती, शीलाने भाताचा विजेचा कुकर दिला, आणि पुऱ्यांसाठी विजेची कढई आजोबांनी मित्राकडून आणली. रविवारी सकाळी तिन्ही वस्तू एकदम लावल्या. आतून एक बारीकसा “ठप” आला आणि घराचा फ्यूज गेला. आजोबांनी तार बदलली. पुन्हा ठप. तिसऱ्यांदा तर आजोबांच्या तोंडून जो शब्द निघाला तो मी लिहीत नाही.

“वायरिंग आपल्या लग्नाच्या वेळचं आहे,” ते म्हणाले. “त्याला झेपत नाही.”

मग ते कुठेतरी गेले आणि हातात लांबलचक एक्स्टेन्शन घेऊन परत आले. जिन्यातल्या बोर्डावरून त्यांनी वायर ओढली होती.

“अहो, ही सोसायटीची वीज आहे! चोरी आहे ही!”

“मी खजिनदार आहे. मी माझ्याकडे बिल पाठवीन.”

मी डोळे मिटून बिरडं फोडणीला टाकलं. दहा मिनिटं सगळं अगदी मजेत चाललं. बिरड्याला उकळी आली, कोलंबीभाताचा वास सुटला. एवढ्यात खालून वॉचमनने फोन केला, “विमलताई आल्या. लिफ्टमध्ये बसवलं.” मी आनंदाने पुऱ्यांची कढई चालू केली.

ठप!

शेगडी गेली, कुकर गेला, जिन्यातले दिवे गेले. कारण जिन्यातले दिवे आणि लिफ्ट एकाच बोर्डावर! दुसऱ्या क्षणी लिफ्टच्या जाळीतून, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधून, वन्संचा आवाज आला.

“बाळ! ए बाळ! मला इथे का लोंबकळत ठेवलंयस?”

बाळ म्हणजे आजोबा. पंच्याहत्तरीचे बाळ वॉचमनला हाका मारत गच्चीवरच्या लिफ्टच्या खोलीकडे धावले.

तेवढ्यात मुग्धा धापा टाकत दारात आली. ती हौसेने जिना चढून आली होती. तिने माझा अवतार पाहिला, छत पाहिलं, जिन्यात गेलेली वायर पाहिली.

“मामीआजी, काय चाललंय?”

मी तिला एका दमात सगळं सांगितलं. मला वाटलं, पोरगी रडणार. तर ती पोट धरून हसायला लागली. “बिरडं कितपत झालंय?”

“अर्धं कच्चं आहे गं. असंच राहिलं तर फुकट जाईल.”

तिने पदर खोचला. (नवी कोरी पैठणी!) दोन फडकी घेऊन बिरड्याचं पातेलं उचललं आणि ती जिना उतरून थेट शीलाकडे गेली. मी भात घेऊन तिच्या मागे. शीलाने काही न विचारता गॅस पेटवला, बिरड्याची चव घेतली, भुवया जराशा उंचावल्या आणि मला म्हणाली, “काकू, तुम्ही जरा लिफ्टकडे बघता का?”

मी लिफ्टकडे गेले. जाळीच्या दारातून वन्संची चप्पल दिसत होती.

“वन्सं, घाबरू नका.”

“मी घाबरत नाहीये. मला भूक लागलीय. बदललंस ना काहीतरी घरात?”

“नाही हो. लिफ्टच जुनी आहे.”

वर आजोबा आणि वॉचमन हाताने चाक फिरवत होते. लिफ्ट मुंगीच्या पावलाने खाली आली आणि बरोबर तिसऱ्या मजल्यावर, शीलाच्या उघड्या दारासमोर थांबली. वन्सं बाहेर आल्या, त्यांनी नाक वर करून वास घेतला आणि तडक शीलाच्या घरात शिरल्या.

“केळवण इथे आहे?”

“हो आजी,” मुग्धा म्हणाली. “मामीआजींनी हॉल घेतलाय.”

वन्सं टेबलाशी बसल्या, पाय लांब केले आणि टेबलक्लॉथखालून “टण्ण” असा आवाज झाला.

“हे काय आहे?”

शीला पांढरीफटक पडली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी, सोसायटीत भाषण केलेली मी, शांतपणे म्हणाले, “काही नाही. कुंडीचा स्टँड आहे.”

मुग्धाला ओवाळलं आणि आम्ही जेवायला बसलो. तिने तीनदा बिरडं घेतलं आणि तिसऱ्या वेळी डोळे पुसले. माझा जीव भांड्यात पडला.  वाटी निपटून झाल्यावर वन्संनी मला जवळ बोलावलं.

“सुलभा, इतकी वर्षं तुझ्या हातचं बिरडं खातेय. आज पहिल्यांदा जमलंय बघ तुला.”

शीला घाईघाईने पाणी आणायला आत गेली. मी म्हटलं, “सगळं हळूहळू शिकतेय, वन्सं.”

सोमवारी गॅस आला. सुंदर निळी ज्योत. त्यानंतर वन्सं दर महिन्याला बिरडं खायला येतात, “त्या दिवशीसारखंच हवं हं,” असं आधी फोन करून सांगतात, आणि मी मोड आलेले वाल सोलून गुपचूप तिसऱ्या मजल्यावर पोचवते. आजोबा गॅसचं बिल घेऊन सगळ्यांना अभिमानाने दाखवत हिंडतात, की बघा, आमच्याकडे किती कमी येतं! येणारच. आमच्या घरातलं सगळ्यांत चांगलं जेवण शीलाच्या गॅसवर शिजतं.